प्लेऑफमधला क्वार्टरबॅक जोखायचा कसा: ज्याचं त्याच्या खाती

अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, कसा खेळतो हे ठरवायचं असेल, तर त्यानं किती सामने जिंकले हा आकडा वहीच्या शेवटच्या पानावर टाका आणि वही पहिल्या पानापासून लिहायला घ्या. आकडा खोडू नका, फक्त तो आधी डोळ्यासमोर नको. सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकला की अंगठी मिळते, आणि 'सात अंगठ्या' हे शब्द एकदा कानात शिरले की माणूस पुढचं काही बघत नाही. माझा भाचा त्याचं चालतं-बोलतं उदाहरण. "मामा, ब्रॅडीकडं सात हायत, मॅनिंगकडं दोन. विषय संपला." एवढं बोलून तो शेंगा सोलायला मोकळा.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो. वर्षाअखेरीला कारखान्याला नफा झाला म्हणून प्रत्येक मागावर चांगला माल निघाला असं होत नाही, आणि तोटा झाला म्हणून सगळेच विणकर नालायक ठरत नाहीत. कुठल्या मागावर किती माल निघाला, किती माल डागी म्हणून सेकंडमध्ये गेला, सूतच खराब आलं होतं का, लाइट गेली होती का, हे सगळं वेगवेगळं लिहावं लागतं. क्वार्टरबॅकचंही तसंच. जिंकणं-हरणं हे संघाचं सामायिक खातं आहे. त्यातून एका माणसाचा वाटा काढायचा तर प्रत्येक चाल ज्याची त्याच्या खाती टाकायला हवी.

हा खेळ कधीच न पाहिलेल्यांसाठी चार ओळी. सामन्याचे चार भाग, प्रत्येकाला क्वार्टर म्हणतात. दोन्हीकडं अकरा-अकरा जण: चेंडू असलेली बाजू ऑफेन्स, अडवणारी डिफेन्स. चेंडू ज्यांच्याकडं आहे त्यांना दहा यार्ड पुढं जायला चार संधी, प्रत्येक संधी म्हणजे एक डाउन. क्वार्टरबॅक चेंडू घेतो, मग तो पुढं पळणाऱ्या रिसीव्हरकडं फेकतो (तो पास), दुसऱ्याच्या हातात देतो किंवा स्वतः पळतो. चेंडू हातात असतानाच त्याला पाडलं तर सॅक. फेकलेला चेंडू समोरच्यांनी झेलला तर इंटरसेप्शन. चेंडू समोरच्यांच्या गोल रेषेपलीकडं नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण आणि वर खांबांमधून लाथ मारून एक. टचडाउन न करता तशी लाथ मारली तर फील्ड गोल, त्याचे तीन. क्वार्टरबॅक डिफेन्समध्ये खेळत नाही आणि फील्ड गोलची लाथही मारत नाही. हे शेवटचं वाक्य विसरू नका, माझ्या आणि भाच्याच्या निम्म्या भांडणांचं मूळ तेच आहे.

प्लेऑफ म्हणजे एक हरला की घरी. २०२० च्या मोसमापासून अमेरिकेतल्या एनएफएल या लीगच्या ३२ पैकी १४ संघ तिथं पोचतात आणि विजेता तीन किंवा चार सामने खेळतो. सुरुवात जानेवारीत, ऐन गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत होते. इकडं होम मैदानावर पाळणे फिरत असतात, नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि तिकडं वाइल्ड कार्डची, म्हणजे प्लेऑफची पहिली फेरी. सामने आपल्याकडं रात्री साडेअकराला, दीडला, पहाटे तीनला सुरू होतात. सुपर बोल सोमवारी पहाटे पाचला, म्हणजे पहिल्या शिफ्टची गडबड सुरू होण्याआधी निम्मा बघून होतो.

आता दोन सामने घेऊ, दोन्ही सुपर बोल.

पहिला फेब्रुवारी २०१६ चा. पेटन मॅनिंगच्या डेन्व्हरनं कॅरोलायनाला २४-१० हरवलं. मॅनिंग: २३ पैकी १३ पास पूर्ण, १४१ यार्ड, टचडाउन पास एकही नाही, एक इंटरसेप्शन, पाच सॅक आणि त्यात ३७ यार्ड गेले. दुसरा फेब्रुवारी २०१८ चा. टॉम ब्रॅडीचा न्यू इंग्लंड फिलाडेल्फियाकडून ४१-३३ हरला. ब्रॅडी: ४८ पैकी २८ पास, ५०५ यार्ड, तीन टचडाउन, इंटरसेप्शन नाही, एक सॅक, गेले पाच यार्ड.

मॅनिंगला अंगठी मिळाली, ब्रॅडीला नाही. आता हिशेब करा.

लीगचा अधिकृत मापदंड म्हणजे पासर रेटिंग. १९७३ पासून लीग तोच वापरते. त्यात चारच गोष्टी येतात: पासांपैकी किती पूर्ण झाले, दर फेकीला यार्ड किती, टचडाउन किती आणि इंटरसेप्शन किती. कमीत कमी शून्य, जास्तीत जास्त १५८.३. हा आकडा १५८.३ वरच का थांबतो ते विचारू नका, सूत्र तसं बांधलंय. त्यात मॅनिंगचे येतात ५६.६ आणि ब्रॅडीचे ११५.४.

पण या रेटिंगला सॅक दिसत नाही. पळून काढलेले यार्ड दिसत नाहीत, हातातून सुटलेला चेंडू दिसत नाही. म्हणून मी दुसरं सूत्र जास्त वापरतो. त्याचं नाव भलंमोठं आहे, अ‍ॅडजस्टेड नेट यार्ड्स पर अटेम्प्ट, पण ते पाटीवर सुटतं. पासचे यार्ड घ्या. प्रत्येक टचडाउनला २० यार्ड मिळवा, प्रत्येक इंटरसेप्शनला ४५ वजा करा, सॅकमध्ये गेलेले यार्ड वजा करा. जे उरेल त्याला फेकी अधिक सॅक यांच्या बेरजेनं भागा.

मॅनिंग: १४१ वजा ४५ वजा ३७, उरले ५९. भागिले २८. दर चालीला २.१ यार्ड.
ब्रॅडी: ५०५ अधिक ६० वजा ५, झाले ५६०. भागिले ४९. दर चालीला ११.४ यार्ड.

पाचपटीहून जास्त फरक, आणि अंगठी २.१ वाल्याच्या बोटात. मग डेन्व्हर जिंकलं कसं? डिफेन्समधल्या व्हॉन मिलरनं. त्यानं कॅरोलायनाचा क्वार्टरबॅक कॅम न्यूटन याच्या हातातून दोनदा चेंडू उडवला. पहिला गोल रेषेपलीकडं पडला आणि तिथंच टचडाउन झाला. दुसरा असा मिळाला की डेन्व्हरच्या ऑफेन्सला जायला चारच यार्ड उरले होते. सामन्याचा मानकरीही मिलरच ठरला, ते बरोबरच झालं. मॅनिंगच्या त्या मोसमाच्या अंगठीत मॅनिंगचं सोनं थोडं आणि डिफेन्सचं जास्त.

ब्रॅडीच्या बाजूनं लिहिताना मात्र हात सैल सोडू नका. त्या सामन्यात न्यू इंग्लंडनं एकदाही पंट केला नाही, म्हणजे हात टेकून चेंडू लाथेनं परत देण्याची वेळच आली नाही. पण सव्वादोन-दोन मिनिटं उरली असताना फिलाडेल्फियाच्या ब्रँडन ग्रॅहमनं त्याच्या हातातून चेंडू उडवला आणि सामना तिथंच गेला. वरच्या सूत्रात त्या सॅकचे फक्त पाच यार्ड आले. चेंडू गमावल्याचा दंड आलाच नाही, तो तुम्ही वेगळा टाकायचा. शिवाय एका फसव्या चालीत ब्रॅडी स्वतः पास झेलायला पळाला होता आणि तो चेंडू त्याच्या हातातून निसटला. त्याच सामन्यात फिलाडेल्फियाच्या क्वार्टरबॅक निक फोल्सनं तशाच चालीत टचडाउन झेलला. हेही लिहा, गंमत म्हणून नव्हे, चाल म्हणून.

वही आखायची ती अशी. लांब पानाची, हिशेबाची वही घ्या. नवी पेठेत कुठंही मिळते. एका सामन्यात क्वार्टरबॅकच्या वाट्याला चाळीस-पन्नास चाली येतात, तेवढ्या ओळी सोडा. रकाने सात: कितवा डाउन आणि किती यार्ड हवेत, चेंडू मैदानात कुठं आहे, गुण आणि वेळ, अंगावर कुणी आलं का, फेक कशी होती, शेवटी काय झालं, आणि श्रेय किंवा दोष कुणाचा.

पाचवा आणि सहावा रकाना वेगळा ठेवण्यातच सगळी मेख आहे. चेंडू हातातून सुटला की तो झेलला जायच्या आधीच पाचवा रकाना भरायचा: चांगली, ठीक, वाईट. एकदा निकाल दिसला की आपलं मन मागं जाऊन फेक रंगवतं. झेलला तर 'काय टाकलाय!' आणि सुटला तर 'लई उंच टाकला'. माझा भाचा तर झेलल्यावरच ओरडायला सुरुवात करतो, म्हणून सामना चालू असताना मी त्याच्या शेजारी बसत नाही.

टीव्हीवर एक अडचण आहे. कॅमेरा चेंडूच्या मागं असतो, त्यामुळं लांब पळणारे रिसीव्हर चौकटीबाहेर जातात. कोण मोकळा होता आणि क्वार्टरबॅकला तो दिसला नाही, हे थेट सामन्यात कळत नाही. मागून, उंचावरून घेतलेलं चित्र रिप्लेमध्ये दाखवतात तेव्हा थांबवून बघा. ते दाखवलं नाही तर रकाना रिकामा ठेवा.

चाल यशस्वी कधी म्हणायची? पहिल्या डाउनला हव्या असलेल्या यार्डांपैकी चाळीस-पंचेचाळीस टक्के मिळाले तर यशस्वी. दुसऱ्याला साठ टक्के. तिसऱ्याला आणि चौथ्याला पूर्ण. हा ढोबळ नियम अभ्यासक बरीच वर्षं वापरत आले आहेत आणि साध्या वहीला तो पुरतो. त्याचीच सुधारलेली आवृत्ती म्हणजे ईपीए, चालीनं अपेक्षित गुणांत किती भर पडली त्याचं माप. प्रत्येक डाउन, अंतर आणि जागा यावरून संघ सरासरी किती गुण मिळवतो हे हजारो चालींवरून काढलेलं असतं. चालीआधीचा आणि चालीनंतरचा आकडा यांतला फरक हा त्या चालीचा भाव. तिसऱ्या डाउनला पंधरा यार्ड हवे असताना आठ यार्डांचा पास टाकला तर पासर रेटिंग खूश होतं, पण ईपीए उणे दाखवतं. तोच आठ यार्डांचा पास सहा हवे असताना टाकला तर सोनं. हिशेबनिसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

आता इंटरसेप्शन. इथं वेळ काढा, कारण प्लेऑफमधली कीर्ती बहुतेक इथंच वाढते किंवा बुडते.

सॅन फ्रान्सिस्कोचा जो मॉन्टाना चार सुपर बोल खेळला आणि चारही जिंकला. त्यात ११ टचडाउन पास, इंटरसेप्शन शून्य. हे शून्य लोक देवाच्या नावासारखं घेतात. पण जानेवारी १९८९ चा सिनसिनाटीविरुद्धचा सामना शोधून बघा. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला मॉन्टानाचा एक पास गोल रेषेपलीकडं लुईस बिलप्सच्या थेट हातांत गेला होता. बिलप्सनं तो सोडला. पुढच्याच चालीला मॉन्टानानं जेरी राइसला टचडाउन पास दिला आणि सामना १३-१३ झाला. अधिकृत कागदावर त्या दोन चालींचं फळ म्हणजे एक टचडाउन. माझ्या वहीत एक वाईट फेक आणि एक चांगली फेक. मॉन्टाना त्यानं छोटा होत नाही, पण शून्याला जी पूजा मिळते ती थोडी कमी करावी.

फेब्रुवारी २००८ मध्ये पेटनचा भाऊ, न्यूयॉर्कच्या ईलाय मॅनिंगनं तोवर एकही सामना न हरलेल्या न्यू इंग्लंडला १७-१४ हरवलं. त्याच्या संघातल्या डेव्हिड टायरीनं चेंडू हेल्मेटवर दाबून धरला तो झेल सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या अगदी आधीच्या चालीला ईलायचा पास न्यू इंग्लंडच्या असांते सॅम्युअलच्या हातांतून निसटला, ते कुणाला आठवत नाही. तो धरला असता तर टायरीचं नाव आज कुणी घेतलं नसतं. पण ज्या चालीत टायरीनं झेल घेतला, त्यात ईलाय दोन-तीन जणांच्या तावडीतून सुटून बाहेर आला होता. ते शंभर टक्के त्याच्या जमेला.

जानेवारी २०१३ मध्ये डेन्व्हरच्या गारठ्यात बॉल्टिमोरच्या जो फ्लॅकोनं शेवटच्या मिनिटात ७० यार्डांचा टचडाउन पास जकोबी जोन्सला दिला. सामना बरोबरीत आला आणि पुढं दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ३८-३५ असा जिंकलाही. फेक चांगली होती, पण डेन्व्हरच्या राहीम मूरनं चेंडूचा अंदाज चुकवला नसता तर ती पडलीच असती. फ्लॅकोनं त्या प्लेऑफमध्ये ११ टचडाउन पास दिले, इंटरसेप्शन शून्य, आणि अंगठीही घेतली. महिना खरंच मोठा होता. त्यातला एक टचडाउन मात्र मी फ्लॅको आणि मूर यांच्यात वाटून टाकला.

उलट बाजू रसेल विल्सनची. फेब्रुवारी २०१५, सिअ‍ॅटलला जिंकायला एक यार्ड हवा, दुसरा डाउन, अर्ध्या मिनिटाच्या आत वेळ उरलेला. मार्शॉन लिंचसारखा पळणारा बाजूला असताना वरून पासची चाल आली आणि न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरनं मध्ये उडी मारून चेंडू पळवला. २८-२४, सामना न्यू इंग्लंडचा. दोष कुणाचा? माझी वाटणी अशी: थोडा चाल ठरवणाऱ्यांच्या नावे, थोडा चेंडू जरा पुढं टाकणाऱ्या विल्सनच्या नावे, आणि मोठा भाग दोष म्हणून नव्हे तर श्रेय म्हणून बटलरच्या जमेला. त्याआधी विल्सनच्या २४७ यार्ड आणि दोन टचडाउनच्या ओळी वहीत आहेत. शेवटच्या ओळीवर शाई सांडली म्हणून त्या पुसायच्या नाहीत.

तेव्हा इंटरसेप्शनचे दोन आकडे ठेवा. एक अधिकृत, दुसरा 'व्हायला हवे होते' असा. रिसीव्हरच्या हातावर आपटून उडालेला चेंडू दुसऱ्यातून काढा, समोरच्यांनी सोडलेला सोपा झेल त्यात घाला. मोठमोठ्या नावांची जागा इथं हलते.

समोर कोण होतं तेही लिहा. प्लेऑफमध्ये पोचणारे डिफेन्स सरासरीहून चांगले असतात, म्हणून तिथं सगळ्यांचेच आकडे थोडे खाली येतात. क्वार्टरबॅकची तुलना त्याच्याच मोसमातल्या सरासरीशी करण्यापेक्षा, त्या डिफेन्सनं वर्षभर बाकीच्यांना किती दिलं याच्याशी करा. आणि त्याच्या मागं उभा असलेला स्वतःचा डिफेन्सही बघा. २००० च्या मोसमात बॉल्टिमोरनं प्लेऑफचे चारही सामने जिंकले आणि चारांत मिळून २३ गुण दिले. क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फर सुपर बोलमध्ये २५ पैकी १२, १५३ यार्ड. अंगठी मिळाली, आणि पुढच्या मोसमाला संघानं त्याला ठेवलं नाही. संघाच्या हिशेबनिसाला माझा नमस्कार.

टेरी ब्रॅडशॉच्या चार अंगठ्याही एका वजनाच्या नाहीत. जानेवारी १९७५ मधल्या पहिल्या सुपर बोलमध्ये त्यानं ९६ यार्ड फेकले, काम पिट्सबर्गच्या डिफेन्सनं केलं. चार वर्षांनी डॅलसविरुद्ध ३१८ यार्ड आणि चार टचडाउन. माणूस तोच, पण मधल्या १९७८ मध्ये नियम बदलले: पाच यार्डांपुढं रिसीव्हरला अडवायची बंदी आली आणि क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्यांना हात पसरायची मुभा मिळाली. म्हणून १९७८ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे एका रांगेत मांडणं मला पटत नाही. ग्रीन बेचा बार्ट स्टार साठच्या दशकातला. प्लेऑफमध्ये ९ जिंकला, १ हरला, रेटिंग १०४.८. तेव्हा लीगची सरासरी आजच्यापेक्षा खूपच खाली होती, म्हणजे हा आकडा दिसतो त्याहून मोठा. त्यातला एक सामना ३१ डिसेंबर १९६७ चा, ग्रीन बेमध्ये शून्याखाली पंचवीस अंश सेल्सियसच्या आसपास. मे महिन्यात पंख्याखाली घाम पुसत बसणाऱ्या सोलापूरकरानं त्यावर फार बोलू नये.

नशिबाचा रकाना मी आखत नाही. नशीब वेगळं मोजता येत नाही. जे क्वार्टरबॅकच्या हातात नव्हतं ते त्याच्या खाती टाकायचं नाही, एवढं पाळलं की पुरतं.

जानेवारी १९९१. जिम केलीच्या बफेलोनं शेवटी चेंडू ४७ यार्डांच्या फील्ड गोलपर्यंत आणला. स्कॉट नॉरवुडची लाथ उजवीकडून बाहेर गेली, २०-१९ नं न्यूयॉर्क जिंकलं. त्या सामन्यात ६० पैकी ४० मिनिटांहून जास्त वेळ चेंडू न्यूयॉर्ककडं होता. केलीला खेळायला मिळाली वीसपेक्षा कमी मिनिटं. केली पुढचे तीन सुपर बोलही हरला आणि त्यातले काही खरंच वाईट खेळला, पण हा पहिला त्याच्या नावे टाकणं अन्याय आहे.

जानेवारी २०२२, पुन्हा बफेलो. जॉश अ‍ॅलन: ३७ पैकी २७, ३२९ यार्ड, चार टचडाउन, इंटरसेप्शन नाही. १३ सेकंद उरले असताना त्यानं संघाला ३६-३३ पुढं नेलं. त्या १३ सेकंदांत कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक माहोम्सनं दोन पास टाकले, १९ यार्ड आणि २५ यार्ड, आणि ४९ यार्डांच्या फील्ड गोलनं बरोबरी झाली. ओव्हरटाइमचं नाणं कॅन्सस सिटीच्या बाजूनं पडलं, त्यांनी पहिल्याच फेरीत टचडाउन केला आणि तेव्हाच्या नियमानं सामना संपला. भाचा म्हणाला, "मामा, अ‍ॅलन मोठ्या सामन्यात हरतोच की." मी म्हणालो, "त्याला चेंडू कुठं मिळाला बे?" त्याच वर्षी लीगनं प्लेऑफपुरता नियम बदलला, आता दोन्ही संघांना एक-एक संधी मिळते. माहोम्सचे ते दोन पास मात्र खणखणीत त्याच्या जमेला. समोरच्यांनी जागा सोडली होती हे खरं, पण सोडलेली जागा त्या घाईत दिसायला डोळे लागतात.

लोक 'दडपणाखाली कसा खेळतो' याला फार भाव देतात. मी शेवटच्या पाच मिनिटांच्या चालींना वहीत फक्त एक टिंब देतो. पहिल्या क्वार्टरमध्ये घालवलेले सात गुण आणि शेवटच्या मिनिटात घालवलेले सात गुण सारखेच. शेवटचे जास्त दुखतात, एवढंच. टिंबांची बेरीज शेवटी बघावी. ती बाकीच्या वहीपेक्षा फार वेगळी आली तर आधी चाली किती आहेत ते मोजा, बहुतेक वेळा त्या इतक्या थोड्या असतात की मत बनवण्यात अर्थ नसतो.

कारण प्लेऑफचा खरा घोळ हाच, नमुना फार लहान. ईलाय मॅनिंग प्लेऑफमध्ये ८-४. आठही विजय दोन मोसमांतले, प्रत्येकी चार. उरलेल्या चार वेळा पहिल्याच सामन्यात बाद. आता हा मोठ्या सामन्यांचा खेळाडू म्हणायचा का? मी म्हणत नाही. दोन महिने फार मोठे खेळला असं म्हणतो. त्यातला जानेवारी २०१२ चा सॅन फ्रान्सिस्कोचा सामना जरूर बघा: चिखल, पाऊस, ५८ पास, सहा सॅक, आणि इंटरसेप्शन एकही नाही. तरी सामना फिरला तो समोरच्या काइल विल्यम्सनं पंटवर दोनदा चेंडू घालवला म्हणून. उलट त्याचा भाऊ पेटन. १४-१३ हा आकडा दाखवून लोक त्याला प्लेऑफमध्ये ढेपाळणारा म्हणतात. पण २००६ च्या मोसमात त्यानं पहिली अंगठी मिळवली त्या चार सामन्यांत तीन टचडाउन आणि सात इंटरसेप्शन होते. म्हणजे दोन्ही अंगठ्यांच्या वेळी तो त्याच्या मानानं साधाच खेळला, आणि कितीतरी चांगले सामने हरला. दोघा भावांत चाल-चाल बघून निवडायचं तर माझ्या वहीत पेटन वर आहे. हे ऐकून भाच्यानं एकदा चहा अर्धा टाकून घर सोडलं होतं.

ब्रॅडीवर मात्र भाच्याचं आणि माझं एकमत होतं, कारणं वेगळी. ४८ सामने म्हणजे जवळजवळ तीन अख्खे मोसम, तेही फक्त प्लेऑफचे. १३,४०० यार्ड, ८८ टचडाउन, ४० इंटरसेप्शन. इतका मोठा नमुना दुसऱ्या कुणाचाच नाही, त्यामुळं त्याच्याबद्दल ठामपणे बोलता येतं. त्यात फेब्रुवारी २००२ चा १४५ यार्डांचा विजय आहे, २०१९ चा १३-३ असा डिफेन्सनं जिंकून दिलेला सामनाही आहे. शिखर बघायचं तर मी १९८९ च्या मोसमातला मॉन्टाना धरतो: तीन सामने, ११ टचडाउन, इंटरसेप्शन शून्य, आणि तिथं बिलप्स मदतीला नव्हता. माहोम्सचं खातं अजून चालू आहे, चालू खात्यावर शेरा मारू नये.

सुरुवात कुठल्या सामन्यानं करायची असं विचाराल तर फेब्रुवारी २०२३ चा सुपर बोल घ्या, कॅन्सस सिटी ३८, फिलाडेल्फिया ३५. माहोम्सचं रेटिंग १३१.८, फिलाडेल्फियाच्या जेलन हर्ट्सचं १०३.४. कागद सांगतो माहोम्स सरस. आता वही भरा. माहोम्सच्या तीनपैकी दोन टचडाउन पासांना रिसीव्हर एकटेच उभे होते. तिथं फेक 'ठीक' आणि श्रेय चाल रचणाऱ्या अँडी रीडला. त्यातल्या एकाच्या आधी कडारियस टोनीनं पंट झेलून ६५ यार्ड पळत चेंडू पाच यार्डांवर आणून ठेवला होता. पण शेवटच्या फेरीत दुखऱ्या घोट्यानं माहोम्स २६ यार्ड पळाला, ती ओळ ठळक लिहा. रेटिंगला ती दिसलेलीच नाही.

हर्ट्सच्या पानावर ३०४ यार्ड, पळून काढलेले ७०, आणि पळूनच तीन टचडाउन. ते तिन्ही रेटिंगच्या बाहेर. आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये, कुणाचा हातही लागला नसताना, त्याच्या हातातून सुटलेला चेंडू कॅन्सस सिटीच्या निक बोल्टननं उचलून ३६ यार्ड पळत टचडाउन केला. तोही रेटिंगच्या बाहेर. बोल्टनचे सात गुण, आणि सामना गेला तीन गुणांनी. मी ते सात पूर्ण हर्ट्सच्या नावे टाकले, अर्धेसुद्धा सोडले नाहीत, आणि तरी त्या पहाटे बेरीज केली तेव्हा हर्ट्स माहोम्सच्या वर आला.